कोरे लंगोट

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच झोपून होतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात त्याला सगळे जांभळ्या म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे म्हणत, आणि नवीन लागलेलं माणूस तर ते आडनावच समजून अदबीनं ‘जांभळेकाका’ अशी हाक मारी. कारण डोळ्यांना दिसत होतं. त्याचे ओठ जांभळट होते. नखांची मुळं जांभळट, कानांच्या पाळ्या जांभळट. जन्मापासून नव्हते. लग्न लागलं तेव्हा चारचौघांसारखेच होते, अशी साक्ष बायको द्यायला तयार होती. “माल घेताना नीट होता,” ती म्हणायची, “वापरताना रंग चढला.”

वय पंचावन्न. त्यातली सव्वीस वर्षं त्या तळघरात गेलेली. पहिली पंधरा धुण्यावर आणि पुढची अकरा शिक्क्याच्या टेबलावर. शिक्क्याचं टेबल म्हणजे तिथं बढतीच, कारण काम बसून करायचं. धुण्यावरच्या माणसांच्या टाचा भिजून भिजून फुटलेल्या असत. त्यांना वाटे, जांभळ्याची चंगळ आहे.

चंगळ अशी होती. नव्या कापडाचे तागे येत. शिलाईवाली त्यातून चादरी, अभ्रे, दुपटी, लंगोट बेतून कडा टिपून देई. मग प्रत्येक नगाच्या कोपऱ्यावर जांभळ्यानं वॉर्डाचा आकडा उठवायचा. शिक्का नसला की हॉस्पिटलच्या चादरींना पाय फुटतात, हे कुठल्याही धुलाईखान्यात सांगावं लागत नाही. शाई काळी कुळकुळीत, डब्यात गुळगुळीत चिखलासारखी. ती पातळ करायला एका तपकिरी बाटलीतलं तेलकट पाणी. त्याचा वास कुजलेल्या मासळीच्या आणि बुटाच्या पॉलिशच्या अधलामधला. शिक्के मारायचे लाकडी ठसे पुसायचे तेही त्याच पाण्यानं, चिंधी बुडवून, उघड्या हातांनी. पहिल्या वर्षी हातमोज्यांचा एक जोड मिळाला होता. तो फाटला. फाटल्यावर दुसरा मागायचा असतो हे जांभळ्याच्या डोक्यात आलं नाही, आणि न मागता द्यायचा असतो हे वरच्यांच्या. खिडकी एक होती, पण ती उघडली की ओल्या शिक्क्यांवर धूळ बसे, म्हणून मुकादमानं तिला दोन खिळे ठोकून टाकले होते.

आणि थकवा. हा माणूस सांगायचा म्हणजे त्याचा थकवाच सांगायला हवा. सकाळी आठला तो टेबलाशी बसायचा तेव्हा ठीक असायचा. दहाला कपाळ जड व्हायचं. बाराला डब्याचं झाकण उघडायचं म्हटलं तरी हातांना ते डोंगराएवढं वाटायचं. चारला तो नुसता बसलेला असायचा, ठसा हातात आणि डोळे कुठंतरी. चालला की धाप लागायची. दोन जिने चढला की छातीत कुणीतरी भाता फुंकायचं.

गंमत अशी की रविवारी हाच माणूस माणसात यायचा. दुपारपर्यंत चेहऱ्यावर तजेला, बायकोशी दोन शब्द जास्त, बाजारातून पिशवी स्वतः उचलून आणायचा. सोमवारी संध्याकाळी पुन्हा चोळामोळा. धुलाईखान्यात हे सगळ्यांना पाठ होतं.

“जांभळ्याला कामाची ऍलर्जी आहे,” मुकादम म्हणायचा. “सुट्टीत घोडा, कामावर गाढव.”

“गाढव तरी ओझं वाहतं,” धुण्यावरचा कुणी म्हणायचा, आणि मशिनच्या खडखडाटात सगळे हसायचे. जांभळ्याही हसायचा. प्रतिवाद करायलाही अंगात काहीतरी लागतं.

एकदा बायकोनं हट्ट धरला म्हणून तो वरच्या डॉक्टरांच्या रांगेत उभा राहिला होता. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “काय होतंय?” “थकतो.” “वय?” त्यानं वय सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “मग बरोबर आहे,” आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. विहिरीवर राहून तहानेनं मरण्यातली गत, पण रांग मोठी होती आणि मागचा माणूस खोकत होता. तो खाली उतरला आणि पुन्हा ठसे पुसायला बसला.

आता धुलाईखान्याची बोली सांगायला हवी, कारण सगळं तिथंच घसरलं. भिंतीला तीन फळ्या होत्या आणि तीन शब्द. वॉर्डातून येतं ते मळकं. शिक्का मारून वाळत घातलेलं, पण अजून पाणी न पाहिलेलं, ते कोरं. आणि हंड्यात तासभर खदखदून, दोन पाण्यांतून निघून, इस्त्री होऊन आलेलं ते उकळलं. कोरं कापड तसंच वर पाठवायचं नाही हा नियम पूर्वीच्या शिक्केवाल्या म्हाताऱ्यानं जांभळ्याला घालून दिला होता. का, ते म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं. “शाई पक्की होते,” एवढंच तो म्हणाला होता.

त्या शनिवारी दुपारी वॉर्डातली मावशी एक चिठ्ठी घेऊन खाली आली. नवजात बाळांच्या वॉर्डात त्या आठवड्यात नवीन सिस्टर आल्या होत्या, दुसऱ्या हॉस्पिटलातून बदलून. मावशी म्हणाली, “फार कडक बाई आहे. जुन्या लंगोटांच्या कडा बाळांना काचतात म्हणून माझ्यावरच डाफरली. जसे काही मीच विणलेत.”

जांभळ्यानं चिठ्ठी वाचली. ‘पन्नास लंगोट हवेत. जुने नकोत. कोरेच द्यावेत.’

कोरेच? तो थबकला. कोऱ्याचं हे काय करणार? शनिवारची दुपार होती, म्हणजे सहा दिवसांची शाई अंगात भरलेली. धुलाईखान्यातला फोन वर्षभर मुका होता. लिफ्ट पेशंटची. वर जाऊन विचारायचं म्हणजे तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. त्यानं जिन्याकडे पाहिलं. जिना त्याच्याकडे पाहत राहिला.

“वर तुमच्याकडे उकळायचं भांडं आहे ना?” त्यानं मावशीला विचारलं.

“आहे की. दिवसभर वाफ काढत असतं.”

मग नेऊन उकळत असतील, तो म्हणाला, मनातल्या मनात. बाई कडक आहे, दुसऱ्याच्या हातच्या उकळीवर भरवसा नसेल. त्यानं मधल्या फळीवरून पन्नास लंगोट मोजून गठ्ठा बांधला, मावशीच्या काखेत दिला, आणि चिठ्ठी सवयीनं खिशात घातली. वरचं भांडं सुया, वाट्या आणि दुधाच्या बाटल्यांसाठी होतं, हे त्याला माहीत नव्हतं. मावशीला माहीत होतं. पण तिला भांडं आहे का एवढंच विचारलं होतं.

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मावशी पुन्हा खाली आली ती चादरींसाठी, आणि चादरी न घेताच पायरीवर बसली.

“काय झालं?” शिलाईवालीनं विचारलं.

“बाळं निळी पडताहेत. काल दोन, आज सकाळपर्यंत सात. एकोणीस बाळांतली सात. नळ्या लावल्या, ऑक्सिजन सोडलाय, काही उपयोग नाही. छातीत काही नाही म्हणतात, हृदय चांगलं म्हणतात, आणि बाळ आपलं काळवंडत चाललंय. रक्त काढलं तर ते कसं निघावं? चॉकलेटसारखं. मी सतरा वर्षं रक्त बघतेय, पण असं नाही बघितलं.”

“अरे देवा,” शिलाईवाली म्हणाली.

मावशीची नजर फिरत फिरत जांभळ्यावर येऊन थांबली. ती काही लागट बोलणारी बाई नव्हती. सहज म्हणाली, “ओठ तर असे झालेत ना त्यांचे, काय सांगू. तुमच्यासारखे. अगदी तुमच्यासारखे हो, काका.”

जांभळ्याच्या हातात चिंधी होती. सकाळपासून तो ठसेच पुसत होता. त्यानं चिंधीकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं.

“मावशी, ते शनिवारचे लंगोट तुम्ही उकळले का?”

“उकळायचे कशाला? नवे करकरीत होते. बाळांना कालपासून तेच बांधतोय.”

तो उठला. मुकादमानं विचारलं, “कुठं निघाला? आत्ताच तर बसलास.” जांभळ्या म्हणाला, “वर.” मुकादमाला त्याचा चेहरा बघून काय उमजायचं ते उमजलं. माणूस चाळीस वर्षं नोकरीत मुरलेला. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “चिठ्ठी जपून ठेव. बाईच्या सहीची आहे. ती तुझी ढाल. आपण होऊन तोंड उघडू नकोस, विचारलं तर चिठ्ठी दाखव.”

“विचारायला त्यांना सुचायला तर हवं,” जांभळ्या म्हणाला, आणि जिन्याला लागला.

बावीस पायऱ्यांवर तो पहिल्यांदा टेकला. कठड्याला धरून उभा राहिला. एक नर्स ट्रे घेऊन त्याला वळसा घालून गेली. चौरेचाळीसला डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याला वाटलं, शनिवारी ह्या चढलो असतो तर. मग वाटलं, शनिवारी ह्या चढवल्या नसत्याच. सहासष्टला तो खालीच बसला, जिन्याच्या मधोमध, आणि मोजत राहिला, पायऱ्या नव्हे, बाळं. सात. मी इथं बसलो तर आठ. तो उठला. शेवटच्या बावीस पायऱ्या त्यानं कशा काढल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वॉर्डाच्या दारातच नव्या सिस्टरनं त्याला अडवलं. तरतरीत बाई, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही हे दिसत होतं.

“अहो, कुठं शिरताय? कोण तुम्ही?”

“धुलाईखान्यातला. शिक्केवाला.” त्याला धाप पुरत नव्हती. “लंगोट सोडा. सगळ्यांचे. आधी सोडा, मग मला बोला.”

“काय?”

“शाई आहे त्याला. न उकळलेली. माझे ओठ बघा.”

सिस्टरला वाटलं माणूस प्यायलेला आहे. पण आतून बाळांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या होत्या, आणि कालपासून उत्तर न सापडलेल्या माणसाला कुणाचंही बोलणं ऐकावंसं वाटतं. त्यांनी जांभळ्याचे ओठ पाहिले. हात हातात घेऊन नखं पाहिली. मग हाक मारली, “रक्तवाल्या ताईंना बोलवा. टिपकागद घेऊन यायला सांगा.”

रक्तवाल्या ताई म्हणजे प्रयोगशाळेतली मधल्या वयाची बाई. दिवसभर सुया टोचून टोचून तिला लोकांच्या चेहऱ्यांपेक्षा बोटं जास्त ओळखू यायची. तिनं पांढऱ्या कागदावर तीन थेंब घेतले: एक सातांतल्या एका बाळाचा, एक स्वतःचा, एक जांभळ्याचा. कागद हवेत हलवला. तिचा थेंब लाल झाला, रक्तासारखा लाल. उरलेले दोन तसेच राहिले, तपकिरी. बाळाचा गडद, जांभळ्याचा त्याहून थोडा फिका. शेजारी शेजारी, एका घरातले असावेत तसे.

“लंगोट सोडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळ्यांचे. दुपटीसुद्धा. बाळांना साबणानं धुवा, आत्ता.”

नंतरचा एक तास जांभळ्या भिंतीशी स्टुलावर बसून होता, कारण उठ म्हणायला कुणाला सवड नव्हती. एकेका बाळाच्या कमरेचा लंगोट सुटत होता, आणि दोन बाळांच्या कुल्ल्यांवर त्याला आपला शिक्का दिसला. उलटा, पुसट, पण वाचता येईल असा. वॉर्डाचा आकडा. अकरा वर्षांत त्याचा शिक्का कधी इतका खोल उमटला नव्हता.

मग निळं औषध आलं. खरोखर निळं, सुईतून शिरेत सोडायचं. मावशी पुटपुटली, “आधीच निळी, त्यात आणखी निळं.” पण अर्ध्या तासात पहिल्या बाळाच्या ओठांवर रंग आला. पाऊण तासात दुसऱ्याच्या. तिसरं रडलं, आणि ते रडणं ऐकून सिस्टर तोंड फिरवून खिडकीशी गेल्या.

डॉक्टरीणबाई दमून जांभळ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. “रक्तात लोखंड असतं,” त्या म्हणाल्या, त्याला की स्वतःला कुणास ठाऊक. “तेच प्राणवायू धरतं आणि अंगभर पोचवतं. तुमच्या शाईतलं द्रव्य कातडीतून आत गेलं की त्या लोखंडाचा गुण पालटतो. मग ते प्राणवायू धरत नाही. रक्त तेवढंच असतं, पण निम्मं बिनकामाचं. मोठ्या माणसाचं शरीर ते रोज थोडं थोडं दुरुस्त करून घेतं. बाळांना ती ताकद अजून आलेली नसते.”

जांभळ्यानं विचार केला. “म्हणजे हजेरी लागलेली असते, पण कामावर कुणी नसतं.”

डॉक्टरीणबाई कालपासून पहिल्यांदा हसल्या. “अगदी तसंच.”

“माझ्याबद्दल पण लोक हेच म्हणतात.”

त्या हसायच्या थांबल्या. “किती वर्षं आहात त्या टेबलावर?”

“अकरा.”

त्यांनी त्याची नखं पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, “उद्यापासून त्या शाईला हात लावायचा नाही. बरे व्हाल. थकवा जाईल.” जांभळ्यानं मान हलवली. अकरा वर्षांचा की उद्यापासूनचा, हे त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी सिस्टर त्याच्याजवळ आल्या. “मी कोरे मागितले होते,” त्या म्हणाल्या. आवाजात भांडण नव्हतं. “कोरे म्हणजे न वापरलेले. स्वच्छ. आमच्याकडे कोरं म्हणजे तेच.”

“आमच्याकडे कोरं म्हणजे पाणी न लागलेलं.” त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. दोघांनी ती वाचली. एवढासा शब्द, दोघांनाही तो नीट वाचता येत होता. जांभळ्यानं घडी घालून चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. “तुम्हीच ठेवा. मुकादम म्हणतो, ढाल आहे. मला धरवत नाही.”

“तुम्हाला शंका नाही आली?”

“आली.”

“मग?”

“जिना होता.”

सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठी खिशात घातली. चौकशीत दोघांनी तेच सांगितलं, पण ते नंतर. त्या आठवड्यात वॉर्डाला चौकशीपेक्षा मोठा घोर होता. सातवं बाळ.

सहाजण गुलाबी झाले. सातव्यालाही निळं औषध दिलं होतं. ते तासभर तसंच राहिलं आणि मंगळवारी सकाळी जास्तच बिघडलं. डोळे पिवळे झाले, अंग पांढरं पडलं. “लघवी तर कोऱ्या चहासारखी झालीय,” मावशी खाली येऊन म्हणाली, आणि जांभळ्यानं ‘कोऱ्या’ ऐकून डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बाहेर बोलावून सांगितलं: काही मुलांच्या रक्तपेशी जन्मतःच कच्च्या असतात, पातळ काचेसारख्या. एरवी आयुष्यभर कळतही नाही. पण असं एखादं रसायन गेलं की त्या फुटतात. निळं औषधही त्यांना सोसत नाही. आम्हाला ते आधी ठाऊक नव्हतं, तपासायला वेळ नव्हता. आता रक्तच बदलावं लागेल, थोडं काढून थोडं घालून. आणि मग, बाळाच्या आजीनं विचारलं म्हणून, त्यांनी सांगून टाकलं की हा कच्चेपणा बहुतेक आईकडून येतो.

तेवढं वाक्य पुरलं.

मंगळवारी दुपारी रक्त बदललं. बुधवारी जांभळ्याला घरी राहायला सांगितलेलं असताना तो आला, आणि वॉर्डाबाहेरच्या बाकाजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. बायको म्हणाली होती, “अहो, तिथं जाऊन तुम्ही काय करणार? तुम्ही काय डॉक्टर?” तो म्हणाला, “काही नाही करणार.” ती म्हणाली, “मग तेवढं घरी करा.” पण चपला तिनंच पुढं सरकवल्या.

बाकावर बाळाची आजी बसली होती आणि दुसऱ्या टोकाला आई, चार दिवसांची बाळंतीण, अंगाभोवती शाल घट्ट ओढून. मधे तीन माणसांची जागा मोकळी. आजी समोरच्या भिंतीशी बोलत होती.

“आमच्या घरात सात पिढ्यांत असं नाही. दगड खाऊन पचवणारी माणसं आमची. आता बाहेरून खोट आली तर आपण काय करणार? रक्त तपासून का कुणी सून आणतं?”

सून शालीची कड बोटाला गुंडाळत राहिली.

“मी म्हटलं होतं, हिचा भाऊ असा पिवळा का दिसतो. म्हटलं होतं की नाही?”

“तो आजारी होता हो तेव्हा, आई,” सून म्हणाली. रडून रडून आवाजाचा धागा उरला होता.

“आजारीच असणार. खोटच ती.”

जांभळ्यानं पाय बदलला. निघून जाता आलं असतं. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना ‘कपड्यांतलं रसायन’ एवढंच सांगितलं होतं. कुणाचे कपडे, कुणाचा हात, ते चौकशीत निघायचं होतं. त्याच्या पायांत बळ नव्हतं, आणि गंमत म्हणजे ह्या वेळी पळून जायलाच बळ लागणार होतं. उभं राहणं सोपं होतं.

“आई,” तो म्हणाला. “सुनेला बोलू नका.”

आजीनं मान वळवली. “तुम्ही कोण?”

“मी शिक्केवाला. त्या लंगोटांवर शिक्का माझा. ते उकळायला हवे होते, मी न उकळता दिले. मनात आलं होतं की वर जाऊन विचारावं. नाही गेलो.”

आजी त्याच्याकडे बघत राहिली. सूनही बघत राहिली. आत कुठंतरी एक बाळ रडत होतं; ते सातवं नव्हतं. सातवं रडत नव्हतं.

“खोट असेल रक्तात,” जांभळ्या म्हणाला. “मला कळत नाही त्यातलं. पण ती निजलेली होती ना? म्हातारपणापर्यंत निजली असती, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. मी उठवली. बोलायचं तर मला बोला. मी उभाच आहे.”

आजीचं तोंड उघडलं आणि मिटलं. दोन दिवस तिनं जे साठवलं होतं ते सगळं जिभेवर आलं असणार. शिव्या द्यायला समोर आयता माणूस, तोही स्वतः चालून आलेला. जांभळ्या वाट बघत होता. त्याला वाटलं, आल्या तर बरं होईल.

“का नाही गेलात वर?” शेवटी तिनं विचारलं.

“दमलो होतो.”

“दमले होते म्हणे!” ती तडकली. “मी नाही दमले? ही नाही दमली? चार दिवसांची बाळंतीण आहे ती, बाकावर बसलीय!” आणि हे तोंडातून निघून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. मग सुनेकडे न बघता, पदरानं नाक पुसत म्हणाली, “पाय वर घे बाकावर. गार लागेल.”

सुनेनं पाय वर घेतले.

मग आजीनं जांभळ्याकडे नीट पाहिलं. “तुमचे ओठ असे का?”

“त्याच शाईनं.”

“आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही. मला वाटलं, मी आळशीच आहे.”

आजीनं जीभ टाळ्याला लावून चक केलं. ते त्याच्यासाठी होतं, की जगासाठी, की हाताशी आलेलं भांडण निसटल्यासाठी, सांगता येणार नाही. “क्षमा बिमा मी करत नाही,” ती म्हणाली. “पोरगं आत आहे माझं.”

“नका करू.”

“पण बसा. उभ्यानं वाट बघून ती लवकर सरत नाही.”

तो मधल्या मोकळ्या जागेत बसला. तिघं समोरच्या दाराकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई सकाळी सांगून गेल्या होत्या: लघवीचा रंग निवळला की समजायचं पेशी फुटायच्या थांबल्या. नाही निवळला तर पुन्हा रक्त बदलायचं, आणि एवढ्याशा जिवाला ते दुसऱ्यांदा सोसेल याची खात्री नाही.

दुपारी एकच्या सुमाराला सिस्टर दारातून बाहेर आल्या. दोन्ही हातांवर एक ओला लंगोट पसरून धरला होता. डॉक्टरीणबाई दुसऱ्या इमारतीत गेल्या होत्या. सिस्टरनी बाकाकडे पाहिलं, आणि सगळ्यांना सोडून लंगोट जांभळ्यापुढे धरला.

“आतल्या दिव्याखाली मला खात्री होईना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगा. आयुष्यभर डाग बघितलेत.”

जांभळ्या उठला नाही. लंगोट हातात घेऊन त्यानं खिडकीच्या उजेडाकडे केला. हा उकळलेला होता, तीन पाण्यांतून काढलेला, आणि त्यावर शिक्का नव्हता. पंधरा वर्षं धुण्यावर असताना त्यानं रक्ताचे, औषधांचे, पित्ताचे, कशाकशाचे डाग ओळखून वेगळे काढले होते. कुठला थंड पाण्यात जातो, कुठला जात नाही. त्यानं डागाची कड बघितली, मग मध्य बघितला. अंगठ्यानं कापड ताणून पुन्हा बघितलं. आजीनं त्याचं मनगट धरलं होतं, हे त्याला जाणवलं नाही.

“कडेला अजून जरा तांबूस आहे,” तो म्हणाला. “ते आधीचं. मधे साफ पिवळं. नेहमीचं, बाळाचं.” त्यानं नाकाशी नेऊन वास घेतला, कारण तेही त्याच्या कामात होतं. “निवळलं, सिस्टर. हा नुसत्या पाण्यात जाईल.”

सिस्टर लंगोट परत घेऊन धावत आत गेल्या. सुनेनं शालीत तोंड घातलं. आजी म्हणाली, “खरं सांगताय ना? का माझ्या समाधानासाठी?”

“डागाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, आई.”

तिनं मनगट सोडलं. जांभळ्यानं मान मागे भिंतीला टेकवली. आता उठून जायला हरकत नव्हती, पण अठ्ठ्याऐंशी पायऱ्या उतरायच्या होत्या, आणि त्यानं ठरवलं, थोडं बसू.